लाल पेशीची गोष्ट : थॅलेसेमिया, सिकलसेल आणि जनुकशास्त्रातले नवे शोध

जनुकशास्त्राच्या बातम्या हल्ली रोज कानावर येतात. कुठे जनुक कापून दुरुस्त केले, कुठे हजारो वर्षांपूर्वीचा वंश शोधला. आपल्यापैकी बरेच जण ही बातमी वाचतात आणि 'मोठ्या लोकांचं काम आहे' म्हणून पुढे सरकतात. पण यातला एक विषय असा आहे की तो थेट आपल्या घरात, आपल्या मुलामुलींच्या रिश्त्यात आणि निकाहात येऊन बसलेला आहे. तो म्हणजे रक्ताचे दोन आनुवंशिक आजार, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. गेल्या काही वर्षांत विज्ञानाने सर्वात मोठी मजल मारली तीही याच दोन आजारांत.

नववीच्या वर्गात आनुवंशिकतेचा धडा शिकवताना आम्ही हे मुलांना सांगतो. मुले परीक्षेपुरते लक्षात ठेवतात. पालकांपर्यंत मात्र ते पोहोचत नाही, आणि निर्णय तर पालकच घेतात. म्हणून हा लेख मुद्दाम घरच्या मंडळींसाठी लिहिला आहे. जपून ठेवा, रिश्ता ठरवायच्या वेळी उपयोगी पडेल.

लाल पेशी काय काम करते?

आपल्या रक्ताचा लाल रंग तांबड्या पेशींमुळे असतो. या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत (बोन मॅरो) तयार होतात. निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला साधारण वीस लाख नव्या लाल पेशी बनतात. एक पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मग मोडीत निघते.

या पेशीच्या पोटात हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन ठासून भरलेले असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोहोचवायचा, हे त्याचे काम. मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे असते : दोन अल्फा, दोन बीटा. अल्फा साखळी कशी बनवायची याची कृती १६व्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे आणि बीटा साखळीची कृती ११व्या गुणसूत्रावर. या कृतीलाच जनुक म्हणतात.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक अब्बूंकडून आलेली, एक अम्मीकडून. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, पुढचा सगळा हिशोब हिच्यावरच उभा आहे.

एका अक्षराची चूक

बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले एकामागोमाग ओवलेली असतात. त्यातले सहावे आम्ल बदलले की सिकलसेल होतो. जनुकाच्या लिखाणात फक्त एक अक्षर चुकलेले असते, 'ए'च्या जागी 'टी'. तेवढ्याने हिमोग्लोबिनचे कण प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून दांडे बनतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मुलाला हाडे मोडल्यासारख्या वेदना होतात, वारंवार संसर्ग होतो, कधी पक्षाघातही होतो. या पेशी १२० नव्हे, १० ते २० दिवसांतच मरतात, म्हणून रक्त कायम कमी असते.

थॅलेसेमियाची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे बीटा साखळी चुकीची बनत नाही, तर कमी बनते किंवा मुळीच बनत नाही. या आजाराचे दोन्ही जनुक मिळालेले मूल जन्मतः ठणठणीत दिसते. सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या आत ते फिके पडू लागते, वाढ खुंटते, पोटात प्लीहा मोठी होते. त्याला मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, तेही आयुष्यभर. रक्तासोबत येणारे लोह हृदयात, यकृतात, ग्रंथींत साठत जाते. ते बाहेर काढण्यासाठी वेगळी औषधे घ्यावी लागतात. ज्या घराने हे भोगले आहे त्यांना विचारा. नोकरी, सुट्टी, ईद, शाळेची परीक्षा, सगळे काही रक्ताच्या तारखा बघून ठरते.

सिकलसेलचे पहिले वैद्यकीय वर्णन १९१० मध्ये अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी केले आणि थॅलेसेमियाचे १९२५ मध्ये थॉमस कूली यांनी. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या फरकाचा आजार आहे. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत सापडण्याची ही पहिलीच वेळ होती. भारतात १९५२ मध्ये नीलगिरीच्या डोंगराळ भागातल्या आदिवासींत सिकलसेल आढळला. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, अमरावती, भंडारा या पट्ट्यात तो जास्त आहे. थॅलेसेमिया मात्र सगळ्या राज्यांत, सगळ्या धर्मांत विखुरलेला आहे. भारतात सरासरी शंभरात ३ ते ४ लोक त्याचे वाहक आहेत असा सरकारी अंदाज आहे.

वाहक म्हणजे आजारी नव्हे

सर्वात जास्त गैरसमज इथेच होतो. दोनपैकी एकच प्रत बिघडलेली असेल तर त्या माणसाला 'वाहक' किंवा 'मायनर' म्हणतात. तो आजारी नसतो. शिकतो, कमावतो, रोजे ठेवतो, त्याला मुले होतात. फार तर हिमोग्लोबिन थोडे कमी असते. आपण वाहक आहोत हे बहुतेकांना जन्मभर कळतच नाही.

अडचण येते ती नवरा-बायको दोघेही वाहक असतील तेव्हा. मग प्रत्येक गरोदरपणात हिशोब असा :

- २५ टक्के शक्यता : मूल पूर्ण निरोगी, वाहकही नाही.
- ५० टक्के शक्यता : मूल आईवडिलांसारखेच वाहक, आजारी नाही.
- २५ टक्के शक्यता : मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती, म्हणजे आजार.

याचा अर्थ 'चार मुलांत एकच आजारी होणार' असा नाही. प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली असे होत नाही, आणि पहिली दोन निरोगी झाली म्हणून तिसऱ्याची हमी मिळत नाही.

दोघांपैकी एकच वाहक असेल तर मूल आजारी होत नाही, फार तर वाहक होईल. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. एक जण थॅलेसेमियाचा वाहक आणि दुसरा सिकलसेलचा, तरीही धोका आहे. कारण दोन्ही बिघाड एकाच बीटा जनुकातले आहेत. अशा जोडप्यालाही २५ टक्के शक्यतेने सिकल-थॅलेसेमियाचे आजारी मूल होऊ शकते.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. आजारी मुलाला एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. दोष द्यायचाच म्हटला तरी तो अर्धा-अर्धा आहे, आणि खरे तर कोणाचाच नाही. तरी आपल्याकडे 'सुनेच्या माहेरचं रक्त खराब' म्हणून मुलीला घरी पाठवल्याची उदाहरणे आहेत. विज्ञानाच्या दृष्टीने हे चूक आहे आणि दीनच्या दृष्टीने जुल्म आहे.

असले जनुक टिकून का राहिले?

मुले वर्गात विचारतात, इतका त्रास देणारे जनुक हजारो वर्षे टिकले कसे? याचे उत्तर मलेरियात आहे.

१९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी मत मांडले की थॅलेसेमियाच्या वाहकांना मलेरियापासून काहीतरी संरक्षण मिळत असावे, कारण हा आजार मलेरियाच्याच प्रदेशांत जास्त दिसतो. हे हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत तपासून दाखवले की सिकलसेलच्या वाहकांना मलेरियाचा त्रास कमी होतो. मलेरियाचा जंतू लाल पेशीत राहून वाढतो आणि वाहकाच्या पेशीत त्याला नीट वाढता येत नाही. म्हणजे बघा, जिथे मलेरियाने लहान मुले दगावत होती तिथे वाहक मुले जास्त वाचली, मोठी झाली आणि त्यांनी हे जनुक पुढच्या पिढीला दिले. पिढ्यांमागून पिढ्या असे घडत गेले. लोकसमूहात एखाद्या जनुकाचे प्रमाण असे वाढणे म्हणजेच नैसर्गिक निवड. उत्क्रांतीचे हे माणसातले सर्वात स्पष्ट उदाहरण मानले जाते.

यातला नवा शोध २०१८ चा आहे. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे की सिकलसेलचा बदल आफ्रिकेत आणि अरब-भारत भागात मिळून पाच वेळा वेगवेगळा घडला असावा. संपूर्ण जनुकसंच वाचून केलेल्या अभ्यासात दिसले की तो एकदाच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी, घडला आणि माणसांसोबत पसरत गेला. भारतात आणि सौदी अरबच्या पूर्व भागात आढळणारा प्रकार तर एकच आहे, त्याला 'अरब-इंडियन' प्रकार म्हणतात. या प्रकारात बऱ्याच रुग्णांचा आजार थोडा सौम्य असतो. तो का सौम्य असतो, या प्रश्नानेच नव्या इलाजाचे दार उघडले.

गर्भातले हिमोग्लोबिन : जुने कोडे, नवा शोध

बाळ आईच्या पोटात असताना त्याचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर हे गर्भातले हिमोग्लोबिन बनवणे जवळजवळ थांबवते आणि मोठ्यांचे सुरू करते. १९४८ मध्येच जॅनेट वॉटसन या डॉक्टरांच्या लक्षात आले होते की सिकलसेलची बाळे पहिले काही महिने ठीक असतात, कारण त्यांच्या अंगात अजून गर्भातले हिमोग्लोबिन असते. अरब-इंडियन प्रकारच्या रुग्णांत मोठेपणीही ते जास्त राहते, म्हणून त्यांचा त्रास कमी.

मग प्रश्न असा होता की जन्मानंतर हे बटण बंद कोण करतं? साठ वर्षे हे कोडे सुटले नव्हते. २००७-०८ च्या सुमारास हजारो लोकांचे जनुक तपासताना दुसऱ्या गुणसूत्रावरचे 'बीसीएल-११ए' हे जनुक पुढे आले. २००८ मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने दाखवले की गर्भातले हिमोग्लोबिन बंद करणारा पहारेकरी हाच. त्याला गप्प केले की गॅमा साखळी पुन्हा बनू लागते.

पण या जनुकाची शरीरात इतर कामेही आहेत, ते सरसकट बंद करता येत नाही. २०१३ मध्ये त्याचा एक छोटा नियंत्रक भाग सापडला जो फक्त लाल पेशी बनवणाऱ्या पेशींतच ते चालू ठेवतो. घराची मेन लाईन न तोडता एकाच खोलीचे बटण बंद करावे तसे हे झाले. बटण सापडले, आता ते दाबायला हत्यार हवे होते.

जनुकीय कात्री

ते हत्यार म्हणजे क्रिस्पर. जीवाणूंवरही विषाणू हल्ला करतात, आणि जीवाणू त्या विषाणूचा डीएनए ओळखून कापतात. निसर्गातल्या या यंत्रणेवरून एमॅन्युएल शारपॉन्तिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये हवे तिथे डीएनए कापता येईल अशी कात्री तयार करून दाखवली. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्या दोघींना मिळाले.

या कात्रीवर आधारलेला जगातला पहिला मंजूर इलाज आपल्याच विषयाचा निघाला. त्याचे नाव कॅसजेव्ही. ब्रिटनने त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्हींसाठी, १२ वर्षांवरील रुग्णांकरिता परवानगी दिली. अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये सिकलसेलसाठी आणि जानेवारी २०२४ मध्ये थॅलेसेमियासाठी दिली.

इलाज कसा होतो ते थोडक्यात :

१. लाल पेशीला केंद्रक नसते, म्हणजे तिच्यात दुरुस्त करायला जनुकच नसते. शिवाय ती चार महिन्यांत मरते. म्हणून तिला जन्म देणारी मूळपेशी (स्टेम सेल) रुग्णाच्या रक्तातून वेगळी काढतात.

२. प्रयोगशाळेत क्रिस्परने त्या मूळपेशींतला बीसीएल-११ए चा नियंत्रक भाग कापतात.

३. रुग्णाला तीव्र केमोथेरपी देऊन मज्जेतल्या जुन्या पेशी काढून टाकतात.

४. दुरुस्त पेशी शिरेतून परत सोडतात. त्या मज्जेत जाऊन बसतात आणि गर्भातले हिमोग्लोबिन असलेल्या लाल पेशी बनवू लागतात.

परवानगीच्या वेळचे आकडे असे. थॅलेसेमियाच्या ४२ रुग्णांपैकी ३९ जणांना किमान एक वर्ष रक्त चढवावे लागले नाही. सिकलसेलच्या २९ पैकी २८ जणांना किमान एक वर्ष तीव्र वेदनांचा झटका आला नाही. आयुष्यभर महिन्यातून एक-दोनदा सुई टोचून घेणाऱ्या मुलासाठी याचा अर्थ काय, ते वेगळे सांगायला नको.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत या इलाजाची किंमत एका रुग्णामागे सुमारे २२ लाख डॉलर ठेवली गेली, रुपयांत ती १५ कोटींच्याही वर जाते. केमोथेरपीने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. कित्येक आठवडे दवाखान्यात राहावे लागते. आणि या दुरुस्तीचा परिणाम दहा-वीस वर्षांनी काय दिसतो, ते पाहण्याचे काम अजून चालू आहे.

एक शंका आम्हाला हमखास विचारली जाते : हे अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ नाही का? इथे रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशी दुरुस्त होतात. बीज किंवा गर्भ बदलला जात नाही, बदल पुढच्या पिढीत जात नाही. हा आजारावरचा इलाज आहे, आणि इलाज करून घेणे आपल्या दीनने नाकारलेले नाही.

आपल्या देशात काय चालू आहे?

दिल्लीची सीएसआयआर-आयजीआयबी ही संस्था सिकलसेलसाठी भारतीय बनावटीचा क्रिस्पर इलाज तयार करत आहे, खर्च आवाक्यात यावा म्हणून. त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला तिने सोबत घेतले आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे लक्ष्य आहे. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकार संस्था आहे आणि चंद्रपूरला तिचे हिमोग्लोबिन विकारांचे केंद्र आहे.

आज हाताशी असलेला खात्रीचा इलाज म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपण. सख्ख्या भावा-बहिणीची मज्जा जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. लहान वयात, शरीरात लोह साठण्याआधी केले तर यश जास्त. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या निधीतून 'थॅलेसेमिया बाल सेवा योजना' २०१७ पासून चालते, तिच्यात निवडक रुग्णालयांत प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. सिकलसेलमध्ये हायड्रॉक्सियुरिया ही स्वस्त गोळी बऱ्याच रुग्णांचे झटके कमी करते, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

दोन्ही आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मोडतात. तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र मिळवा, शिक्षणात आणि प्रवासात त्याचा उपयोग होतो.

नात्यातले लग्न : खरे आकडे काय सांगतात?

हा विषय नाजूक आहे, म्हणून सरळ बोलू. चुलत, मामे, आते, मावस भावंडांत निकाह आपल्यात जायज आहे. जायज म्हणजे परवानगी आहे, फर्ज नाही. आणि नात्यात लग्न ही फक्त मुसलमानांची रीत आहे हेही खरे नाही. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत अनेक हिंदू समाजांत मामेबहिणीशी लग्न रूढ आहे.

विज्ञान काय म्हणते? सख्ख्या चुलत-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुक सारखे असतात, कारण दोघांचे दादा-दादी किंवा नाना-नानी एकच. समजा मुलगा थॅलेसेमियाचा वाहक आहे. बाहेरची कोणतीही मुलगी वाहक असण्याची शक्यता साधारण २५ ते ३० मध्ये एक. ती त्याची सख्खी चुलत किंवा मावस बहीण असेल, तर हीच शक्यता आठात एकच्या आसपास जाते.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात, जिथे पाकिस्तानी वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, ११ हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. बाळात जन्मजात दोष असण्याचे प्रमाण एरवी सुमारे ३ टक्के, सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नात सुमारे ६ टक्के. म्हणजे धोका दुप्पट होतो, हे खरे. आणि शंभरातली ९४ बाळे अशा दोषाविना जन्मली, हेही खरे. दोन्ही आकडे सोबत सांगितले पाहिजेत. एकच सांगितला तर भीती पसरते नाही तर गाफीलपणा.

पण 'आमच्यात नात्यात देत नाही, आम्ही सुटलो' असेही समजू नका. २०१७ मध्ये हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड यांनी मिळून दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचे जनुक तपासले. पिढ्यान्पिढ्या आपापल्या जातीत, बिरादरीत लग्ने केल्याने अनेक समूहांत आनुवंशिक आजारांचा धोका साठलेला आहे असे त्यात दिसले. नाते लांबचे असले तरी जमात एकच असेल तर पूर्वज एकच निघू शकतात. म्हणून रिश्ता नात्यातला असो, जमातीतला असो की बाहेरचा, तपासणी सगळ्यांनी करावी.

तपासणी कोणती, कधी, कशी?

- साध्या सीबीसी रिपोर्टपासून सुरुवात करा. त्यात 'एमसीव्ही' आणि 'एमसीएच' कमी आणि लाल पेशींची संख्या मात्र चांगली असेल, तर थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यावा.
- पक्की तपासणी म्हणजे हिमोग्लोबिन एचपीएलसी. त्यात 'एचबी ए-२' साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर माणूस बीटा थॅलेसेमियाचा वाहक असतो. सिकलसेलचे हिमोग्लोबिन 'एस'ही याच तपासणीत दिसते.
- शरीरात लोह कमी असेल तर 'ए-२' चा आकडा खाली येऊन वाहक निसटू शकतो. म्हणून रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, स्वतःच अर्थ लावू नका.
- ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. जनुक बदलत नाहीत.
- वाहकाने 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने वर्षानुवर्षे खाऊ नयेत. आधी शरीरातले लोह तपासावे.
- एक जण वाहक निघाला तर त्याच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या.

कधी करायची? आमचे मत स्पष्ट आहे. मंगनी झाल्यावर नव्हे, रिश्त्याची बोलणी सुरू होण्याच्याही आधी. बारावी किंवा कॉलेजच्या वयात मुलगा-मुलगी दोघांचीही करून टाका. मंगनीनंतर रिपोर्ट आला की घराण्याची इज्जत, खर्च, कुजबुज सगळे मध्ये येते आणि नुकसान बहुतेक वेळा मुलीचेच होते. आधी माहीत असेल तर कोणाचा रिश्ता तुटत नाही, फक्त दोन वाहकांची गाठ पडत नाही.

आणि 'वाहक' हा शिक्का नाही. वाहक मुलीचे लग्न वाहक नसलेल्या मुलाशी निर्धास्त करता येते.

लग्न आधीच झाले असेल आणि दोघेही वाहक निघाले तर? घाबरू नका, पण उशीर करू नका. गरोदरपण कळताच स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. साधारण ११ ते १४ आठवड्यांत वारेचा छोटा नमुना घेऊन बाळाची तपासणी होते. बाळ आजारी निघाले तर पुढे काय करायचे हा निर्णय नवरा-बायकोचा आहे. त्यात डॉक्टर आणि जाणकार मुफ्ती दोघांचा सल्ला घ्यावा. मक्का इथल्या राबिताच्या फिक्ह अकादमीने १९९० मध्ये असे मत दिले होते की गंभीर, इलाज नसलेला दोष विश्वासू डॉक्टरांच्या समितीने पक्का केला असेल आणि गर्भ १२० दिवसांच्या आतला असेल, तर आईवडिलांच्या संमतीने गर्भपाताची मुभा असू शकते. म्हणूनच वेळेला फार महत्त्व आहे. पाचव्या महिन्यात धावाधाव करून उपयोग नाही.

मुस्लिम देशांनी काय केले?

सौदी अरबने २००४ पासून निकाहापूर्वी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची केली. निकाह करायचा की नाही हे जोडप्यावरच सोडले, फक्त माहिती आधी हातात दिली. सुरुवातीला धोका असलेल्या जोडप्यांपैकी शंभरात ९ च्या आसपास जण माघार घेत, २००९ पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेले. इराणनेही १९९७ पासून निकाहाआधीची थॅलेसेमिया तपासणी देशभर लागू केली. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण समजूतदारपणावर कोणी बंदीही घातलेली नाही.

जमात आणि मशीद काय करू शकते?

निकाहाच्या फॉर्मसोबत जमातीने तपासणीची एक माहितीपत्रिका द्यावी. रिपोर्ट मागू नये, तो खाजगी असतो, फक्त आठवण द्यावी. ईद-ए-मिलादला आपल्याकडे ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे होतात, फार चांगली गोष्ट आहे. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र वर्षभर रक्त लागते. रमजानमध्ये आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रक्तपेढ्यांत तुटवडा असतो, तेव्हा इफ्तारनंतरचे एक शिबिर कित्येक मुलांना उपयोगी पडेल. तपासणीचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांची सोय जमातीच्या फंडातून व्हावी.

जगातली सर्वात महागडी कात्री आज ज्या आजारावर चालवली जाते, तो पुढच्या पिढीत येऊ नये यासाठी दोन छोट्या नळ्या रक्त पुरते, एक मुलाचे आणि एक मुलीचे. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन आणि १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. तारखेची वाट बघू नका. घरात लग्नाच्या वयाचे कोणी असेल तर या आठवड्यातच तपासणी करून घ्या आणि रिपोर्ट निकाहनाम्याच्याच फाईलमध्ये जपून ठेवा. अल्लाह सगळ्यांच्या मुलाबाळांना सेहत आणि सलामती देवो.